कुस्कोची टिपवाली वॉकिंग टूर: शेवटचा भाग सोडला तर एकदम भारी

पेरूला जाणारे बरेच जण कुस्कोला फक्त माचू पिचूच्या ट्रेनआधीचा मुक्काम समजतात, सामान टाकलं की झोपले. त्यांच्यासाठी ही टूर. प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकातून निघते, बुकिंगला पैसे नाहीत, शेवटी आपल्याला वाटेल तेवढी टिप सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात, द्यायची. सुट्टे सोल आधीच करून ठेवा, गाइडसमोर मोठी नोट काढून उभं राहणं बरं दिसत नाही.

सुरुवात चौकातच होते आणि तिथला इतिहास काही गोड नाही. स्पॅनिश लोक येण्याआधी इथे इंकांचं राज्य होतं; त्यांचा शेवटचा राजा तुपाक अमारू याला स्पॅनिशांनी 1572 मध्ये इथेच मारलं आणि 1781 मध्ये त्याच घराण्याचा वारसा सांगणाऱ्या दुसऱ्या तुपाक अमारूलाही इथेच. आमच्या गाइडने हे उगाच नाट्य न करता सांगितलं, ते आवडलं. स्वतः क्वेचुआ, म्हणजे इंकांची भाषा, बोलणारी होती, त्यामुळे जागांची नावं तिच्या तोंडून ऐकायला वेगळीच मजा.

खरी वसुली मात्र लोरेतो गल्लीत. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना इंकांच्या भिंती, दगड एकावर एक सरळ थरांत बसवलेले आणि मध्ये चुना-माती काहीच नाही. तिथून हातुन रुमियोक गल्लीत गेलात की तिथली भिंत एकदम वेगळी, दगड आडवेतिडवे, कितीही कोनांचे, तरी सांधा शोधून सापडत नाही. सरळ थरांचं काम देवळं आणि मानाच्या इमारतींसाठी असायचं हे गाइडने सांगितल्यावर मग पुढे प्रत्येक भिंत बघताना आपोआप तेच बघायला लागतो आपण. खाली इंकांचा दगड, किंचित आत कललेला, वर स्पॅनिश लोकांनी चढवलेली पांढरी भिंत आणि लाकडी बाल्कनी, म्हणजे एकाच घरात दोन राज्यं उभी. आता जिथे आर्चबिशपचा वाडा आहे तिथे आधी इंका रोका राजाचा महाल होता. बारा कोनांचा तो फेमस दगड ह्याच भिंतीत आहे, फोटोला गर्दी असते, हात लावायचा नाही आणि लावूही नका, 2025 मध्ये एकाने हातोड्याने त्याचे टवके उडवलेत.

कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर बाहेरूनच दाखवतात. स्पॅनिशांनी त्यावर सांतो दोमिंगोचा मठ बांधला, 1950 च्या भूकंपात मठाचं बरंच नुकसान झालं पण खालच्या इंका भिंती टिकल्या, उलट झाकलेल्या काही भिंती उघड्या पडल्या. आत जायचं तर वेगळं तिकीट, पण नक्की जा. कुस्कोच्या कॉमन टुरिस्ट तिकिटात हे मंदिर येत नाही, कॅथेड्रलही नाही, हे गाइडने आम्ही विचारल्यावर सांगितलं, खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

आता तक्रार. सान ब्लासचा चढ चढून वर गेल्यावर टूरचा जवळजवळ सगळा शेवट एका अल्पाकाच्या लोकरीच्या दुकानात आणि मग एका बारमध्ये गेला. स्वेटर बघा, मग पिस्को या तिथल्या दारूचं सँपल घ्या, मग टिप. सान ब्लास म्हणजे कारागिरांची वस्ती, तिथल्या गल्ल्या जरा फिरवल्या असत्या तर काय बिघडलं असतं? टिप देऊन आम्ही आपले आपण फिरलो आणि तेच बरं झालं.

उंचीचा विचार करा, शहर साधारण 3,400 मीटरवर आहे, विमानातून उतरल्या दिवशी हा चढ अजिबात नको, एक दिवस कोकाचा चहा पीत निवांत बसा. ग्रुप मोठा असेल तर मागे काही ऐकू येत नाही, गाइडच्या जवळच चिकटून चाला. डिसेंबर ते मार्चमध्ये जाणार असाल तर ग्रिपवाले बूट हवेतच, पाऊस पडून गेला की उतारावरचे दगड भयंकर घसरडे होतात. मी पाचपैकी चार देईन, एक कापला तो दुकानाचा.