मीटरवर ५८ हजार, डिकीच्या दरवाजात १ लाख ३७ हजार

कागदावर व्यवहार देखणा होता. २०१५ची जर्मन बनावटीची सात आसनी डिझेल एसयूव्ही, तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, चारही चाकांना एअर सस्पेन्शन, दिल्ली पासिंग, ‘सिंगल ओनर, कंपनी मेंटेन्ड’, मीटरवर ५८,००० किलोमीटर. नवी असताना ७० लाखांच्या पुढची ही गाडी पुण्यातल्या एका एजंटाकडे १७ लाखांत उभी होती. नाशिकच्या खरेदीदाराने ती हायवेवर फिरवून पाहिली, ओळखीचा मेकॅनिकही सोबत नेला. दीड महिन्यात पुढचा डावा कोपरा बसला, सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर जळाला, गिअरबॉक्स उतरत्या गिअरला झटके देऊ लागला आणि कुठेही थेंब न सांडता इंजिन कूलंट पिऊ लागलं. दुरुस्तीचं अंदाजपत्रक सहा लाखांवर गेलं.

गाडी चोरीची नव्हती, आरसी खोटी नव्हती. ती फक्त दाखवण्याच्या तासाभरापुरती ठीक केलेली होती. महागड्या एसयूव्हीचे खर्चिक दोष थंड इंजिनावर, रात्रभर उभी राहिल्यावर किंवा शे-दोनशे किलोमीटर सलग चालल्यावर बाहेर येतात. एजंट नेमकी हीच वेळ ग्राहकाच्या हाती लागू देत नाही. म्हणून ‘मेकॅनिक नेला होता’ याला फारसा अर्थ उरत नाही. इनोव्हा, स्कॉर्पिओ कानाने ओळखणाऱ्या चांगल्या मेकॅनिकलाही पन्नासेक कंट्रोल युनिटं असलेल्या गाडीत काय लपलंय ते ऐकू येत नाही.

आधी मीटर. डॅशबोर्डवरचा आकडा लॅपटॉपने खाली आणणं हे आता किरकोळ काम झालंय, पण तो आकडा गाडीत एकाच जागी नसतो. अनेक जर्मन गाड्यांत एखादा फॉल्ट नोंदला जातो तेव्हा त्या क्षणाचे किलोमीटरही त्यासोबत साठतात. या गाडीत इंजिनाचे फॉल्ट पुसलेले होते. डिकीच्या विजेवर चालणाऱ्या दरवाजाच्या युनिटकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. तिथे एक क्षुल्लक, जुना फॉल्ट १,३७,००० किलोमीटरच्या नोंदीसह बसला होता. बीएमडब्ल्यूच्या चावीतही किलोमीटर साठतात आणि सर्व्हिस सेंटरवर ती चावी वाचता येते. म्हणून स्कॅन करायचा तो त्या कंपनीसाठीच्या स्कॅनरने, सगळ्या युनिटांचा, आणि त्याची छापील प्रत मागायची. १७ अंकी चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुन्या जॉब कार्डांवरचे किलोमीटर विचारा. ते माहिती फक्त मालकालाच देत असतील, तर मालकाला सोबत न्या. मालक ‘परदेशात आहे’ असं उत्तर आलं तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

स्कॅनरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. हजार-दीड हजारांचा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरही ‘फॉल्ट पुसल्यापासून चाललेलं अंतर’ दाखवतो. ‘एकही फॉल्ट नाही’ यापेक्षा हा आकडा जास्त बोलका असतो. तिथे ३० किलोमीटर दिसले, तर गाडी तुमच्यासाठीच पुसून ठेवली आहे. त्याच पडद्यावर उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तर संशय आणखी पक्का. काही गाड्यांत बॅटरी काढल्यानेही हा आकडा शून्य होतो. तसं असेल तर नव्या बॅटरीचं बिल असायला हवं.

एअर सस्पेन्शनवर सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण तिथे फसवणं फार सोपं आहे. रबरी बेलोज, म्हणजे गाडी तोलणाऱ्या हवेच्या पिशव्या, घडीच्या जागी चिरतात आणि हवा हळूहळू सुटते. गाडी रात्री सरळ उभी असते, सकाळी एक कोपरा बसलेला असतो. इंजिन चालू केलं की कॉम्प्रेसर मिनिटभरात गाडी पुन्हा वर उचलतो. ग्राहक अकरा वाजता येणार असेल, तर साडेदहाला इंजिन चालू करून ठेवलं की काम भागलं. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत पळतो, तापतो, रिले चिकटते आणि शेवटी कॉम्प्रेसरही जातो. त्यामुळे बिल एका बेलोजचं न येता बेलोज आणि कॉम्प्रेसर दोन्हींचं येतं. बऱ्याच मोठ्या एसयूव्हींच्या पुढच्या एका अस्सल एअर स्ट्रटची (बेलोज बसवलेल्या खांबाची) किंमत लाखाच्या घरात जाते. जाणकार मंडळी ते जोडीनेच बदलतात, कारण दोन्ही बाजूंचं रबर एकाच वयाचं असतं.

तपासणीला टेप पुरतो. संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करायची, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजून फोटो काढायचा आणि सकाळी इंजिन चालू करण्याआधी पुन्हा मोजायचं. चारही कोपरे सारखेच दोन-चार मिलिमीटर उतरले तर घाबरण्याचं कारण नाही. एकच कोपरा सेंटिमीटरच्या पुढे बसला तर गळती आहे. रात्रभर गाडी ठेवायला नकार मिळाला, तर सस्पेन्शन सर्वांत वरच्या उंचीवर नेऊन बेलोजच्या घड्यांवर साबणाचं पाणी फवारा आणि बुडबुडे शोधा. तळाच्या उंचीवरून वर जाताना एक बाजू मागे रेंगाळत असेल, तर तेही लक्षात ठेवा.

इंजिन थंडच हवं. बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या, चहा घेऊन थांबू नका. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ या दोन लिटर डिझेल इंजिनाचा टायमिंग चेनचा दोष जगभर माहीत आहे. चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या मागे असते. थंड चालू होताना मागून खरखर आली, तर पार्टपेक्षा मजुरी मोठी, कारण इंजिन उतरवावं लागतं. मर्सिडीजच्या ओएम-६४२ या तीन लिटर व्ही-सिक्समध्ये सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या दरीत बसवलेल्या ऑइल कूलरची सीलं गळतात. सीलं स्वस्त, पण तिथे पोहोचायला टर्बो आणि इनटेक काढावं लागतं. लँड रोव्हरच्या तीन लिटर डिझेलमध्ये क्रँकची बेअरिंग जाण्याची, प्रसंगी क्रँकच तुटण्याची उदाहरणं आहेत. तिथे तेलाचा फिल्टर उघडून घडीत तांबूस कण दिसतात का ते पाहणं हाच सर्वांत स्वस्त विमा. हे आवाज काही दिवस दाबायला एजंट जाड तेल किंवा बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह ओततात. त्यामुळे ‘नुकतीच सर्व्हिसिंग केली’ हे ऐकून खूश होण्याऐवजी कुठल्या ग्रेडचं तेल किती लिटर घातलं, त्याचं बिल मागा.

नाशिकच्या गाडीतलं कूलंट ईजीआर कूलरमधून, म्हणजे इंजिनात परत फिरवला जाणारा धूर थंड करणाऱ्या भागातून, आत झिरपत होतं. बाहेर डाग दिसत नाही, पातळी मात्र उतरत राहते. याच भागातून कूलंट गळून काजळीत मिसळणं आणि त्यातून आग लागण्याचा धोका, यासाठी बीएमडब्ल्यूने २०१८मध्ये अनेक देशांत डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. असा रिकॉल तुमच्या चासी नंबरवर बाकी आहे का, हे सर्व्हिस सेंटर सांगू शकतं. टेस्ट ड्राइव्हच्या आधी टाकीवर मार्करने थंड पातळीची रेघ ओढा आणि शंभरेक किलोमीटर फिरवून, गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पाहा. एजंट याला वैतागतो, वैतागू दे. बीएस-६ डिझेलमध्ये, म्हणजे एप्रिल २०२०नंतरच्या गाड्यांत, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, जागेवर आणि शाबूत असेल तर आतली नळी बऱ्यापैकी स्वच्छ राहते. बोट काळंकुट्ट झालं तर डीपीएफ फुटलेला आहे किंवा आतून रिकामा करून सॉफ्टवेअरने गप्प बसवलाय.

गिअरबॉक्सबद्दल ‘लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही’ असं ठामपणे सांगितलं जातं. बऱ्याच युरोपीय एसयूव्हींत असलेला आठ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. त्यात तळाचा प्लास्टिकचा ट्रे आणि फिल्टर एकत्रच येतात, म्हणून काम महाग वाटतं आणि टाळलं जातं. १,३७,००० चाललेल्या बॉक्सचा मीटर ५८,००० वर आणला, तर तेलाचा विषयच निघत नाही. मीटर पाडण्यामागचा खरा फायदा बहुधा हाच असतो. टेस्ट ड्राइव्हमध्ये जोरात पळवून काही कळणार नाही. बॉक्स तापल्यावर हलक्या पायाने ताशी ६० वरून हळूहळू थांबा आणि उतरते गिअर जाणवतात का ते बघा. सतत चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत चार टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असा संच ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा भाग, खातो. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘ओरिजिनल टायर’ म्हणून सांगितलेल्या गाडीला चारही नवे असतील तर किलोमीटरचा हिशेब तिथेच चुकतो.

पुराच्या गाड्या हा वेगळाच बाजार आहे. चेन्नई २०१५, सांगली-कोल्हापूर २०१९, चिपळूण २०२१, बेंगळुरू २०२२: प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्यांनी टोटल लॉस ठरवलेल्या गाड्या लिलावातून पुढे जातात आणि वाळवून, धुऊन दुसऱ्या राज्यात निघतात. बोनेटखाली बघून उपयोग नाही, ते पहिलं धुतलं जातं. सीटखालचे बोल्ट, सीटचे रुळ, कार्पेटखालचा जाड फोम आणि डिकीत स्टेपनीखालची खळगी बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की तळच्या पट्ट्यात चिखलाची रेघ राहिलेली सापडते. पहिल्या पिढीच्या ऑडी क्यू-७मध्ये आणि २००५ नंतरच्या मर्सिडीज एमएलमध्ये बॅटरीच पुढच्या सीटखाली असते, म्हणजे पाणी कुठवर आलं होतं हे तिथेच कळतं. रंगाला मॅग्नेट लावून लांबी (पोचे भरायची पुट्टी) शोधायची जुनी युक्ती २०१२ नंतरच्या मोठ्या रेंज रोव्हरवर चालत नाही, कारण तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. अ‍ॅल्युमिनियम मोजणारं पेंट गेज आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो. ५००च्या पुढे गेला तर खाली लांबी आहे.

विमा पॉलिसी नीट वाचली तर मीटरपेक्षा जास्त सांगते. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वर्षागणिक चढतो. आठ वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या, ‘कधी खरचटलीही नाही’ अशा गाडीच्या पॉलिसीवर २० टक्के दिसत असेल, तर अलीकडेच क्लेम झालेला आहे किंवा विमा मध्ये बंद पडलेला आहे. एक सावधगिरी: बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. दुसऱ्या गाडीचा ५० टक्के इथे आणलेला असू शकतो, म्हणून ५० दिसला की निर्धास्त होऊ नका. ‘सहा महिने वॉरंटी’च्या कागदावर बहुतेक वेळा तेलात फिरणारे इंजिन-गिअरबॉक्सचे आतले भाग तेवढे असतात, टर्बो, इंजेक्टर, एअर सस्पेन्शन, इलेक्ट्रॉनिक्स वगळलेलं असतं.

दिल्लीची गाडी स्वस्त का, हेही समजून घ्या. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५मध्ये निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ते उचलून धरले. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या गाड्या दक्षिणेकडे सरकू लागल्या. एनओसीशिवाय त्या इथे नावावर होत नाहीत, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावाच लागतो. इथला कर मूळ किमतीच्या हिशेबाने, वय पाहून ठरतो. त्यामुळे १७ लाखांच्या गाडीला १७ लाखांवरचा कर धरलेला हिशेब कोलमडतो. आरटीओत आधी आकडा काढा, मग भाव करा. वाहन पोर्टलवर बँकेचा बोजा दिसत असेल, तर पैसे एजंटाला देण्याऐवजी फोरक्लोजर पत्रावरचा (कर्ज पूर्ण फेडायचा) आकडा थेट बँकेत भरा आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात घ्या.

एजंट बहुतेक वेळा मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या कोऱ्या सह्या घेऊन बसलेला असतो. पुढे वाद झाला की ‘मी फक्त मध्यस्थ’ म्हणतो. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यासाठी आरटीओचं अधिकारपत्र आणि गाडी ताब्यात घेतल्याची पोर्टलवरची नोंद हे नियम लागू आहेत. टोकन देण्याआधी दोन्ही मागा. पैसे त्या विक्रेत्याच्याच खात्यात, बँकेतूनच द्या. पावतीवर किलोमीटर, ‘पूर आणि मोठा अपघात नाही’, आणि स्कॅनची तारीख लिहून सही घ्या. फसवणूक उघड झाली तर दुरुस्तीला हात लावण्याआधी चासी नंबर आणि तारखेसह सगळ्या युनिटांचा स्कॅन छापून घ्या, वर्कशॉपचा लेखी अहवाल घ्या आणि लेखी नोटीस पाठवा. व्यापाऱ्याविरुद्ध दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५० लाखांपर्यंतचे व्यवहार तिथेच चालतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. मीटर पाडल्याचा छापील पुरावा असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रारही देता येते. थेट मालकाकडून, घरगुती व्यवहारात घेतलेल्या गाडीसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा उघडत नाही. तिथे दिवाणी दावाच उरतो, आणि दाव्यात त्या सही केलेल्या पावतीशिवाय हातात फारसं काही नसतं.