शंका आल्यावर पहिलं पत्र कोणाला? ‘कोप’च्या फ्लोचार्टचं परीक्षण

संशोधन-नियतकालिकाच्या संपादकाला निबंध तपासणाऱ्या परीक्षकाचा ईमेल येतो : ‘या निबंधातला बराच मजकूर आधी दुसरीकडे छापलेला आहे.’ अशा वेळी काही संपादक निबंध गुपचूप परत पाठवून मोकळे होतात. लेखक तोच निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडे पाठवतो आणि तो तिथे छापूनही येतो. काही संपादक याच्या अगदी उलट वागतात. लेखकाला एका शब्दाने न विचारता ते थेट त्याच्या प्राचार्यांना कळवतात, आणि चौकशीआधीच माणसाच्या नावाला डाग लागतो. हे दोन्ही टाळण्यासाठी ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’, म्हणजे ‘कोप’, या संस्थेने फ्लोचार्ट, म्हणजे पुढची पायरी कोणती ते दाखवणारे तक्ते, तयार केले आहेत. ब्रिटनमधल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९९७ साली ही संस्था सुरू केली. फ्लोचार्ट तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ते उतरवून घ्यायला सभासद असावं लागत नाही.

सगळ्यांत कामाचा आहे तो सादर झालेल्या निबंधातल्या वाङ्मयचौर्याचा. त्याचा क्रम असा : परीक्षकाचे आभार मानून चौकशी करणार असल्याचं कळवायचं, त्याच्याकडून पूर्ण पुरावा घ्यायचा, आणि नक्कल किती व कशाची आहे ते तपासायचं. इथून वाटा फुटतात. मोठे उतारे किंवा आकडेवारी श्रेय न देता आपली म्हणून मांडली असेल, तर पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला लेखी विचारणा करायची. सोबत पुरावा जोडायचा, आणि ‘हे काम मूळ आहे’ असं त्यानेच सही करून दिलेलं निवेदनही. नक्कल फक्त तुरळक वाक्यांची असेल आणि आकडेवारी लेखकाची स्वतःची असेल, तर तटस्थ भाषेत पत्र लिहायचं, वाक्यं बदलायला किंवा अवतरणचिन्हांत संदर्भासह द्यायला सांगायचं, आणि परीक्षण पुढे चालू ठेवायचं. लेखकाने स्वतःचाच जुना मजकूर वापरला असेल तर त्यासाठी वेगळा चार्ट आहे. उत्तर आलं नाही तर सहलेखकांना लिहायचं, मग संस्थेला. संस्थाही गप्प राहिली तर दर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा लिहायचं.

यातली तुरळक वाक्यांची वाट मला सर्वांत मोलाची वाटते. परक्या भाषेत लिहिणारा नवखा संशोधक चार वाक्यं उचलतो आणि दुसरा कोणी आख्खा निकालाचा तक्ता उचलतो. या दोघांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे, आणि चार्ट ते होऊ देत नाही.

म्हणूनच त्यात टक्केवारीही नाही. आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीमुळे टक्क्यांची सवय झाली आहे : १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे स्तर. संस्थेला शिक्षा ठरवायला हे माप चालतं. संपादकापुढचा प्रश्न मात्र ‘हे छापावं का’ हा आहे. ८ टक्के साम्यात दुसऱ्याचे सगळे निष्कर्ष मावतात, आणि ३० टक्के साम्य निव्वळ ठरावीक कार्यपद्धतीच्या वर्णनातून येऊ शकतं. त्यामुळे साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालातला आकडा बाजूला ठेवून त्यात रंगवलेला प्रत्येक उतारा मूळ मजकुराशेजारी ठेवून वाचावाच लागतो.

मराठी नियतकालिकांना आणखी एक अडचण येते, आणि तिथे चार्टची मदत होत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या पीडीएफमधून सॉफ्टवेअरला मराठी मजकूर मिळतच नाही, त्याला रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. साम्य शून्य येतं आणि सगळे निश्चिंत होतात. तपासणीआधी पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. देवनागरी दिसली नाही तर लेखकाकडून युनिकोडमधली फाइल मागवावी. इंग्रजी किंवा हिंदी लेखाचा सरळ अनुवाद करून आपला म्हणून दिलेला निबंधही यंत्राच्या नजरेतून सहज सुटतो. तिथे विषय जाणणारा परीक्षकच लागतो.

लेखकांच्या नावांतल्या बदलांचे चार्टही उत्तम आहेत. निबंध स्वीकारल्यावर अचानक विभागप्रमुखांचं नाव वाढतं किंवा एखाद्या विद्यार्थिनीचं नाव गळतं. नाव वाढवताना कारण विचारायचं आणि सर्व लेखकांची संमती घ्यायची. एकमत नसेल तर प्रकाशन थांबवायचं. नाव काढताना ज्याचं नाव निघतंय त्याची संमती लेखीच हवी, इतर सगळे तयार असले तरीही. पायरीने कनिष्ठ असलेल्याच्या बाजूने उभा राहणारा दुसरा नियम प्रकाशनव्यवहारात शोधूनही लवकर सापडत नाही.

आता उणिवा. लेखकाची संस्था स्वतंत्रपणे चौकशी करील, हे या चार्टचं गृहीतक आहे. कॉलेज स्वतःच नियतकालिक काढत असेल, प्राचार्यच मुख्य संपादक असतील आणि निबंध त्याच कॉलेजातल्या प्राध्यापकाचा असेल, तर ‘संस्थेला कळवा’ या चौकटीला अर्थ उरत नाही. अशा नियतकालिकाने संपादक मंडळावर बाहेरचे किमान दोन सदस्य घ्यावेत आणि घरच्या लेखकाची तक्रार त्यांच्याकडेच जाईल असं आधीच लिहून ठेवावं. दुसरी उणीव वेळेची. संस्थेच्या उत्तराची वाट पाहण्यात वर्षभर सहज जातं. निबंध छापून झाला असेल तर तोवर वाचकांसाठी ‘चिंतेची नोंद’, म्हणजे या निबंधाबद्दल शंका आहे अशी सूचना, प्रसिद्ध करता येते. छोटी नियतकालिकं ती फारशी वापरत नाहीत, ती वापरावी.

आणखी एक : ‘आम्ही कोपची तत्त्वं पाळतो’ एवढं वाक्य म्हणजे सभासदत्व नव्हे. कोपच्या संकेतस्थळावरच्या सभासद यादीत नियतकालिकाचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. सभासदाने कार्यपद्धती पाळली नाही तर आधी नियतकालिकाकडे आणि मग कोपकडे तक्रार करता येते. पण कोप निबंधाची चौकशी स्वतः करत नाही, पद्धत पाळली की नाही एवढंच पाहते. यूजीसीने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता नियतकालिक पारखण्याचं काम संस्थांवर आणि लेखकांवर आलं आहे, त्यामुळे ही दोन मिनिटं खर्च करावीतच.

चार्ट हाती घेण्याआधी तीन कागद तयार हवेत : सर्व लेखकांच्या सहीचं मूळ कामाचं निवेदन, कोणी काय काम केलं याची नोंद, आणि प्रत्येक लेखकाचा संस्थेचा ईमेल. नुसत्या जीमेलवर गप्प बसलेला लेखक शोधणं अवघड जातं. प्रकरण सुरू झालं की प्रत्येक पत्राची तारीख एका तक्त्यात लिहावी, फोनवर काहीही ठरवू नये.

निकाल काहीही लागो, परीक्षकाला तो कळवायचा, अशीही एक चौकट चार्टमध्ये आहे. गडबडीत हीच हमखास राहते, आणि ज्याने वेळ काढून नक्कल पकडली त्यालाच पुढे काय झालं ते कळत नाही.