घरातला पोल: छताला टेकलेला की स्टेजवर उभा?

पोल डान्सचा क्लास सुरू केला की काही महिन्यांत हा प्रश्न येतोच. क्लास आठवड्यातून दोनदा, आणि सराव मात्र रोज हवासा वाटतो. घरी पोल घ्यायचा हे ठरलेलं असतं. अडतं ते कोणता घ्यायचा यावर. जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवायचा टेन्शन पोल, की स्वतःच्या गोल चौथऱ्यावर उभा राहणारा स्टेज पोल?

जाडीवर फार घोळ घालू नये. ४५ मिमी घ्यावा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोच असतो आणि क्लासमध्येही बहुधा तोच. हात लहान असतील तर ४० मिमीची मूठ सोपी पडते, पण मांडीच्या पकडीला धातू कमी मिळतो. स्टॅटिक (न फिरणारा) आणि स्पिन (फिरणारा) दोन्ही होणारा पोल घ्यावा आणि सुरुवातीला स्क्रू आवळून स्टॅटिकवरच राहावं. स्पिनवर पोलच फिरतो, त्यामुळे आपल्या ढकलण्यात काय चुकतंय ते कळत नाही.

खरा निवाडा खोलीत होतो, आणि आपल्याकडच्या खोलीत पहिली अडचण असते ती पंख्याची. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये पोलला चारही बाजूंनी मोकळी जागा मिळेल असं ठिकाण एकच, मधोमध. तिथे नेमका पंखा. ४८ इंची पंख्याची पाती मध्यापासून ६० सेंमी पसरतात. टेन्शन पोलचं डोकं हुकाच्या खड्ड्यावर बसत नाही, त्याला सपाट स्लॅब लागतो. स्टेज पोलला छताशी देणंघेणं नसलं तरी आपल्या पायांना असतं. उलटं झाल्यावर पावलं सव्वादोन मीटरच्या आसपास जातात आणि पाती त्याहून फार वर नसतात. त्यामुळे कोणताही पोल घेतला तरी त्या खोलीतला पंखा काढून भिंतीवरचा लावणं हा खर्च धरूनच चालावं. लांबट हॉलमध्ये दोन पंखे असतील तर त्यांच्या मधली जागा चालते. सराव करताना दोन्ही बंद ठेवायचे, आणि घरात मुलं असतील तर बटणावर चिकटपट्टीही लावायची.

आता स्टेज पोल. त्याचे गुण खरे आहेत. फॉल्स सीलिंग असो, कोकणातलं किंवा गोव्यातलं कौलारू घर असो, वरून गळणारा शेवटचा मजला असो, त्याला फरक पडत नाही. भाड्याच्या घरात मालकाला छतावरच्या गोल डागाचा जाब द्यावा लागत नाही. वजन पन्नास किलोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं, म्हणजे रोज काढून ठेवतो म्हणणारे आठवड्याभरात तो हॉलमध्येच ठेवतात. पोलचं वरचं टोक मोकळं असल्यामुळे जोरात पाय फेकला की तो डुलतो. त्याची सवय होते.

सवय होत नाही ती कडेची.

लहान स्टेजचा व्यास साधारण दीड मीटर, म्हणजे पोलपासून कडेपर्यंत जेमतेम पाऊण मीटर. आता फायरमन किंवा फ्रंट हुक, म्हणजे पोलभोवती गोल फिरण्याचे सुरुवातीचे स्पिन, कसे सुरू होतात ते बघा. आतला हात वर आणि सरळ, अंग पोलपासून बाहेर झुकलेलं, आणि बाहेरचा पाय मोठा गोल काढत फिरतो. तो शेवटचा, वेग देणारा पाय टेकतो तो नेमका कडेवर किंवा कडेबाहेर. चौथरा फार उंच नसतो, पण घोटा मुरगळायला तेवढी उंची पुरते. बॅक हुकमध्ये तर पाय पाठीमागे जातो, कड दिसतच नाही. जमिनीवर काही करायचं म्हटलं की अर्धं अंग वर आणि अर्धं खाली.

पडण्याची भीती एकवेळ बाजूला ठेवू. जास्त नुकसान वेगळंच आहे. कड आहे हे एकदा शरीराला कळलं की पाऊल आपोआप आखूड पडतं. पाऊल आखूड पडलं की वेग येत नाही. वेग नाही म्हणून माणूस कोपर वाकवून स्वतःला पोलकडे ओढतो. वाकलेल्या हाताने घेतलेले स्पिन दिसायला घट्ट, आक्रसलेले दिसतात आणि भार कोपराच्या आतल्या बाजूच्या स्नायूंवर जातो. मग काही आठवड्यांनी पिशवी उचलतानाही तिथे दुखायला लागतं आणि दोष पोलच्या पकडीला दिला जातो. क्लासमध्ये सपाट जमिनीवर नीट येणारा स्पिन घरी बिघडतो तो असा. मोठा, पावणेदोन मीटरच्या आसपासचा स्टेज घेतला तर हे बरंच कमी होतं, पण मग खोलीत दुसरं काही उरत नाही. कोणाला हे किरकोळ वाटेल, मला नाही वाटलं.

टेन्शन पोलचे त्रासही कमी नाहीत, मात्र ते बसवतानाचे आहेत आणि बहुतेक एकदाच निस्तरायचे असतात. परदेशी व्हिडिओंत लोक छतावर ठोकून आतला लाकडी वासा शोधत बसतात. आपल्या आरसीसी स्लॅबला ती गरज नाही, सपाट जागा कुठलीही चालते. अडचण येते ती स्लॅबवरच्या पीओपीच्या थराची. बोटाच्या पेराने ठोकून बघावं. आवाज पोकळ आला तर ती जागा सोडावी किंवा तेवढा गोल खरवडून काँक्रीटपर्यंत जावं. पावसाळ्यात ओल धरलेला पीओपी दाबाखाली हळूहळू चुरतो आणि पोल सैल होतो, तोही बाहेरून काही न दिसता. खालची टाइलही तशीच तपासायची. पोकळ वाजणारी टाइल बुडाच्या दाबाने तडकते.

उंची आधी मोजावी, तीही पोल बसणार त्याच जागी. राहत्या खोलीची उंची नियमाप्रमाणे किमान २.७५ मीटर असते, आणि नेहमीच्या टेन्शन पोलचा मूळ संच २.७४ मीटरच्या आसपास संपतो. टाइल आणि प्लास्टर धरून एखाद्या घरात बेतास बात बसतो, तर जुन्या उंच घरात जोडनळी लागतेच. पोल पूर्ण ताणून शेवटच्या आट्यांवर बसवायचा मोह टाळावा. आत आटे कमी उरले की ताण धरत नाही.

बसवताना एकाने पोल उभा धरायचा आणि दुसऱ्याने पाणसळ लावायची, एकदा समोरून आणि एकदा काटकोनातून. हाताने फिरेल तेवढं फिरवून मग पान्याने आवळायचं. बसल्यावर दोन्ही हातांनी चारही दिशांना ढकलून बघायचं, एक पूर्ण दिवस जाऊ द्यायचा, पुन्हा आवळायचं. त्यानंतर प्रत्येक सरावाआधी ढकलून बघणं एवढाच रोजचा भाग. पोलचे सांधे आत पसरून घट्ट होतात. टकटक आवाज आला तर सांधा आवळायचा, पोलचा दाब वाढवत बसायचं नाही. ऑनलाइन मिळणारे अगदी स्वस्त, चार-पाच तुकड्यांचे पातळ पोल दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि दोन्हीत टाळावे.

मुलाम्याचा प्रश्न दोघांना सारखाच. क्रोम सर्वसाधारण वापराला बरा. मुंबई-गोव्याच्या दमटपणात आणि घाम फुटणाऱ्या हातांना पितळ जास्त धरतं, पण ते काळवंडतं आणि हाताला वास लागतो. निकेलची ॲलर्जी असेल तर स्टेनलेस स्टील बघावं. सरावाआधी पोल आणि हात आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचे, हातांना घाम शोषणारा लिक्विड चॉक लावायचा. तेल लावून अंघोळ केलेल्या दिवशी पोलला हात लावू नये, दोन वेळा साबण फिरवूनही मांड्या घसरतात. मल्लखांबाला एरंडेल लावतात ते चालतं, कारण तो लाकडाचा आणि जाडजूड असतो. अढी घालायला तिथे अख्ख्या मांडीला जागा मिळते, इथे चार-साडेचार सेंमीच्या नळीवर कोरडी कातडीच काम करते. देशावर आणि विदर्भात थंडीत उलटी तक्रार असते. गार पोल आणि कोरडी त्वचा. तेव्हा चॉक ठेवून द्यायचा, पोल तळव्यांनी घासून गरम करायचा आणि त्वचेवर पाण्याचा हलका फवारा मारायचा.

घरी एकट्याने काय करावं यावर पोलच्या प्रकाराचा परिणाम होतोच. फायरमन, चेअर, दोन्ही हुक, पोल सिट आणि साधी चढाई एवढं घरी सुरक्षित धरावं, आणि प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी. खांदा कानाला चिकटू द्यायचा नाही. आधी खांदा खाली ओढून मगच भार टाकायचा. उलटं होणं, म्हणजे इन्व्हर्ट, घरी उडी मारून शिकू नये. पोल धरून गुडघे छातीशी घेऊन दहा सेकंद थांबता येत नसेल तर कंबर उचलायला पोटात ताकद नाही, उडी ती उणीव फक्त झाकते. इथे जाड गादी हवी. टेन्शन पोलभोवती ती जमिनीवर सपाट पसरते. स्टेजवर ती कडेबाहेर लोंबते किंवा कडेवरच संपते, आणि फसलेल्या इन्व्हर्टमधून माणूस पोलपासून लांबच पडतो.

लवचिकतेसाठी पोल हे साधनही आहे, म्हणून तेही तोलून घ्यावं. जेड किंवा लेग हँगमध्ये, म्हणजे पोलवर पायाने उलटं लटकण्याच्या प्रकारांत, दिसणारा पायांचा कोन नुसत्या ताणाने येत नाही, स्नायूंनी पाय तिथे धरून ठेवावा लागतो. आधी दहा मिनिटं अंग तापवायचं. मग एक गुडघा टेकून बसून मागच्या पायाचा नितंब आवळायचा आणि माकडहाड आत वळवायचं, म्हणजे जांघेचा पुढचा भाग खरा ताणतो. कमरेला बाक देऊन पुढे गेलं की फक्त पाठ वाकते. हनुमानासनात मागचं कंबरेचं हाड बाहेर उघडू द्यायचं नाही. जमिनीपर्यंत पोहोचत नसाल तर दोन्ही हातांखाली विटा घ्या. उपविष्ट कोणासनात, म्हणजे पाय दोन्हीकडे फाकवून बसून, टाचा जमिनीत पाच सेकंद दाबा, सोडा, थोडं पुढे सरका, असं तीन-चार वेळा. प्रत्येक ताण तीस ते साठ सेकंद, आठवड्यातून तीन दिवस पुरे. बसण्याच्या हाडापाशी टोचल्यासारखं दुखलं तर ताण तिथेच सोडायचा. ते स्नायू लांबत असल्याचं लक्षण नाही, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेची तक्रार आहे. चक्रासनात कंबर दुखत असेल तर बहुतेक वेळा खांदे उघडत नाहीत म्हणून दुखते.

आता यात पोल कुठे येतो? उभ्याने पाठ पोलला लावून एक पाय वर पोलच्या बाजूला सरकवत नेता येतो. दुसरं म्हणजे पोलकडे तोंड करून पाऊल उंच टेकवायचं आणि दोन्ही हातांनी स्वतःला हळूहळू जवळ ओढायचं. दोन्हीला न हलणारी वस्तू लागते. टेन्शन पोल तसा असतो. स्टेज पोल किंचित झुकतो, ताण मधेच सुटतो आणि मधेच वाढतो, जे जांघेच्या स्नायूंना अजिबात आवडत नाही. कौलारू घर किंवा मालकाची अट यामुळे स्टेजच घ्यावा लागला तर हे दोन ताण दाराच्या चौकटीवर करावेत आणि स्पिनसाठी मोठ्या व्यासाचाच स्टेज घ्यावा. लहान स्टेजसाठी वाचवलेले पैसे नंतर कोपराच्या फिजिओथेरपीला जाण्याची शक्यता आहे.