शाळेच्या बातमीपत्रासाठी शाईच्या टाकीचा प्रिंटर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातील आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथीपर्यंतची आहे, पट ३१ आहे आणि शिक्षक आम्ही दोघे आहोत. गेल्या वर्षी जून महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने, निम्मी रक्कम शाळा अनुदानातून आणि निम्मी लोकसहभागातून घालून, आम्ही शाईच्या टाकीचा एक रंगीत प्रिंटर साडेतेरा हजार रुपयांना घेतला. छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स ही तिन्ही कामे करणारे हे यंत्र आहे. त्यावर पडदा नाही, पाठपोट छपाई ते आपोआप करत नाही, आणि वायफायची सोय असली तरी आमच्या गावात तिचा उपयोग फक्त मोबाइल यंत्राला जोडण्यापुरता आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीत मिळणारी तीन-चार कंपन्यांची यंत्रे बरीचशी सारखीच आहेत, आणि पुढे जी तक्रार येणार आहे ती एका कंपनीच्या माथी मारण्यासाठी हे लिहिलेले नाही.

यंत्र घेण्यामागचे कारण मुलांचे बातमीपत्र हे होते. त्याआधी तीन वर्षे आम्ही भित्तीपत्रक चालवत होतो. व्हरांड्यातील फळ्यावर दर महिन्याला मुलांची चित्रे आणि बातम्या टाचल्या जात, आणि पावसाळ्यात त्या आठवडाभरात ओल धरून लोंबू लागत. शिवाय भित्तीपत्रक शाळेतच राहते. ज्यांनी ते वाचावे असे आम्हाला वाटत होते, ते पालक दिवसभर शेतात किंवा मजुरीवर असतात. अंक घरी जायचा असेल तर प्रती हव्यात आणि प्रतींसाठी तालुक्याचे गाव गाठायला हवे, अशी अडचण होती. तिथे एका बाजूच्या झेरॉक्सला दोन रुपये पडतात. आमचा अंक म्हणजे मधोमध दुमडलेला एक ए-फोर कागद, म्हणजेच चार छोटी पाने. अशा ४२ प्रती पाठपोट काढायच्या तर १६८ रुपये आणि अर्धा दिवस जात असे. आता त्याच ४२ प्रतींना कागदाचे सुमारे २४ आणि शाईचे १३-१४ रुपये लागतात. पहिला अंक जुलैमध्ये, भाताच्या लावणीच्या दिवसांत निघाला, म्हणून मुलांनी त्याचे नाव ‘आवणी’ ठेवले. तेव्हापासून मे महिना आणि दिवाळीची सुट्टी वगळून ११ अंक निघाले आहेत.

या यंत्राचे खरे मोल कशात आहे, याबद्दलचा आमचा अंदाज पहिल्याच महिन्यात साफ चुकला. आम्हाला वाटले होते की मुलांचे लेखन मोबाइलवर टंकलिखित करावे, छायाचित्रे घालावीत आणि रंगीत, देखणा अंक छापावा. पहिला अंक तसाच काढला. त्यात माझ्या तीन रात्री गेल्या, आणि अंक हातात आल्यावर दुसरीच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, “यातलं मी लिहिलेलं कुठाय?” तिची बातमी पहिल्याच पानावर होती, पण छापील अक्षरांत ती तिला ओळखता आली नाही. दुसऱ्या अंकापासून आम्ही टंकलेखन सोडून दिले. मुले स्वतःच्या हाताने कागदावर लिहितात, आम्ही ते तुकडे कापून एका कागदावर चिकटवतो, तो कागद काचेवर पालथा ठेवतो आणि झेरॉक्सचे बटण दाबतो. संगणक लागत नाही, मोबाइल लागत नाही, आणि मुख्य म्हणजे शिक्षकही लागत नाही. ऑक्टोबरपासून अंकाच्या प्रती चौथीची मुले स्वतः काढतात. म्हणून कोणी मला या यंत्रातील सर्वांत उपयोगी भाग विचारला, तर रंगीत छपाई आणि वायफाय बाजूला ठेवून मी त्या एका बटणाकडे बोट दाखवीन.

बटणालाही त्याच्या मर्यादा आहेत. एका वेळी २० पेक्षा जास्त प्रती ते काढत नाही, त्यामुळे ४२ प्रती म्हणजे २०, २० आणि २ हा हिशेब मुलांना दरवेळी करावा लागतो; आमची त्याबद्दल तक्रार नाही. पाठपोट छपाईसाठी छापलेला गठ्ठा हाताने उलटून पुन्हा लावावा लागतो. सप्टेंबरच्या अंकात तो उलटा लागला आणि २० प्रतींची मागची बाजू डोक्यावर उभी राहिली. त्यावर तिसरीच्या एका मुलाने उपाय काढला : कोऱ्या गठ्ठ्याच्या वरच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकशी फुली करायची आणि गठ्ठा उलटताना ती फुली कुठे येते ते पाहायचे. ही युक्ती यंत्राबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेतील आकृतीपेक्षा स्पष्ट आहे.

पेन्सिलीचा प्रश्न मात्र गंभीर निघाला. आमची बहुतेक मुले पेन्सिलीने लिहितात, आणि पेन्सिलीचे करडे अक्षर काचेवरून उतरताना इतके फिके होते की अर्धी वेलांटी दिसते आणि अर्धी पुसली जाते. गडद प्रतीची सोय वापरली तर अक्षरांबरोबर कागदाच्या मागच्या बाजूचे लेखनही सावलीसारखे उमटते. अखेर तिसरी-चौथीला काळे बॉलपेन दिले, आणि पहिली-दुसरीच्या अक्षरांवर त्यांनी स्वतःच काळ्या पेनाने गिरवायचे असे ठरले. गिरवताना अक्षर वळणदार होते हा फायदा आम्ही ठरवून मिळवलेला नाही, पण मिळाला खरा.

हस्ताक्षरातील अंकामुळे भाषेचा एक वादही परस्पर निकालात निघाला. एका मुलाने लिहिले होते, “वाऱ्याने लाईटीचा डांब पडला म्हणून दोन दिस अंधार होता.” माझ्या सहकारी शिक्षिकांचे मत होते की शाळेच्या अंकात ‘खांब’ आणि ‘दिवस’ असायला हवे. टंकलेखन करत असतो तर मी नकळत तसे केलेही असते. आता मुलाच्या अक्षरात खाडाखोड करायची तर ती प्रत्येकाला दिसणार. शेवटी ‘डांब’ राहिला, आणि प्रमाण भाषेत त्याला काय म्हणतात हे परिपाठाच्या वेळी फळ्यावर लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका लेखक स्वतः दुरुस्त करतो. बोलीतील शब्दांना आम्ही हात लावत नाही. घरातील भांडणे आणि दारूचे प्रसंग मात्र छापत नाही. मुले ते अगदी सहजपणे लिहून आणतात, आणि तो कागद आम्ही त्या मुलाशी बोलून बाजूला ठेवतो. प्रत काढणे इतके सोपे झाले की काय छापायचे नाही हे आधी ठरवावे लागते. यंत्र घेताना हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

अंकाचे शीर्षक तेवढे आम्ही संगणकावर छापतो, आणि त्यातही एक गोष्ट नवीन शाळांनी लक्षात ठेवावी अशी आहे. संगणकात आधीपासून असलेल्या नेहमीच्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. पहिलीची मुले बालभारतीच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतात, राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेसंबंधीच्या निर्णयातही हीच रूपे आहेत, आणि शीर्षकाखालच्या ‘शाळेतील बातम्या’ या शब्दांत मुलांना दोन अक्षरे अनोळखी दिसली. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ही दोन्ही रूपे आपोआप बदलतात. यात दोष प्रिंटरचा नाही. तरीही छापील अक्षर मुलांच्या हाती देणाऱ्याने ते एकदा तपासावे.

आता शाईविषयी. काळ्या शाईच्या एका बाटलीत ६,००० पाने छापली जातात असे खोक्यावर लिहिले होते. आमच्या वहीतील नोंदीप्रमाणे पहिली बाटली ३,४०० पानांच्या आसपास संपली. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. कंपन्यांचा आकडा पानाचा जेमतेम पाच टक्के भाग शाईने भरतो असे धरून काढलेला असतो, आणि आमच्या अंकात कळसूबाईचा डोंगर पानभर काळा रंगवलेला असतो. शिवाय पहिल्या बाटलीतील बरीच शाई यंत्राच्या आतील नळ्या भरण्यातच जाते. दुसरी बाटली पहिलीपेक्षा जास्त चालेल असे आतापर्यंतच्या वापरावरून दिसते. रंगीत शाई आम्ही जवळजवळ बंद केली आहे. जुलैच्या पहिल्या अंकाचे हिरवे शीर्षक घरी पोहोचेपर्यंत ओल्या बोटांनी पसरले होते; त्या दिवसांत इथे कोणाचे हात कोरडे नसतात. काळी शाई त्या मानाने टिकते.

पावसाळा हा या यंत्राचा आणि कागदाचा, दोघांचाही शत्रू आहे. उघड्यावर राहिलेला कागद ओल धरतो, कडा वळतात आणि एका वेळी दोन-तीन कागद आत ओढले जाऊन अडकतात. रीम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून लोखंडी कपाटात ठेवणे आणि लागतील तेवढेच कागद बाहेर काढणे, एवढ्याने आमचा त्रास बराच कमी झाला. खडूची धूळ यंत्रावर बसू नये म्हणून एका पालकाने जुन्या चादरीची खोळ शिवून दिली आहे.

मे महिन्याची सुट्टी हा दुसरा घात. दीड महिना यंत्र बंद राहिले आणि जूनमध्ये पहिले पान निघाले तेव्हा प्रत्येक ओळीतून आडव्या पांढऱ्या रेघा गेलेल्या होत्या. छपाईच्या मुखाशी शाई वाळली की असे होते. सफाईची आज्ञा दोनदा दिल्यावर अक्षरे पूर्ववत झाली, पण प्रत्येक सफाईत शाई वाया जाते आणि ती यंत्राच्या तळाशी असलेल्या पॅडमध्ये जिरते. ते पॅड भरले की यंत्र काम थांबवते. दिवाळीच्या सुट्टीत समितीच्या अध्यक्षांनी आठवड्यातून एकदा शाळा उघडून एक पान छापण्याचे कबूल केले होते आणि ते त्यांनी केलेही. मे महिन्यात लग्नसराई होती.

सर्वांत वाईट अनुभव सेवेचा आला. दुकानात “घरपोच सेवा” असे सांगण्यात आले होते. फेब्रुवारीत कागद ओढणारा रूळ निकामी झाल्यावर फोन केला, तेव्हा आमचे गाव त्या सेवेच्या हद्दीत येत नाही असे उत्तर मिळाले. यंत्र हमीच्या मुदतीत होते, म्हणून दुरुस्ती फुकट. पण ते शहरातील केंद्रात आम्हीच न्यायचे. ते जीपमध्ये मांडीवर घेऊन निघालो. टाकीचे यंत्र सपाटच ठेवावे लागते हे माहीत होते, पण घाटातील वळणांना ते माहीत नव्हते. केंद्रात पोहोचलो तेव्हा टाकीतील शाई आत झिरपली होती आणि माझी पांढरी विजार निळी झाली होती. आत सांडलेल्या शाईची सफाई हमीत बसत नाही असे सांगून ४५० रुपये घेतले गेले, आणि रूळ बदलून यंत्र परत यायला १९ दिवस लागले. त्या महिन्याचा अंक वेळेवर निघाला नसता. पण मुलांनी तो पाच प्रतींत हाताने लिहून काढला आणि वाडीवाडीत एकेक प्रत फिरवली. दुर्गम भागातील शाळेने खरेदीपूर्वी आपल्या गावाचा पिनकोड सांगून सेवेबद्दल दुकानदाराकडून लेखी घ्यावे, एवढे मी आग्रहाने सांगेन.

लेझर प्रिंटर घ्यायला हवा होता का, असे आम्हाला केंद्रप्रमुखांसह अनेकांनी विचारले. लेझरची भुकटी वाळत नाही, त्यामुळे सुट्टीचा प्रश्न उद्भवत नाही, आणि ओल्या हातांनी अक्षर पसरत नाही. पण लेझर यंत्र भुकटी कागदावर पक्की बसवण्यासाठी उष्णता वापरते आणि छापताना काहीशे वॅट वीज ओढते. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि शाळेचा छोटा इन्व्हर्टर तो भार सोसत नाही. शाईचे यंत्र एखाद्या एलईडी दिव्याइतक्या विजेवर चालते. वीज भरवशाची असेल आणि फक्त काळीच छपाई हवी असेल, तर लेझरचा विचार जरूर करावा. महिन्याला पन्नास पानेही निघणार नसतील, तर दोन्हींपैकी काहीच घेऊ नये. झेरॉक्सचे दुकान स्वस्त पडेल.

आमच्याकडे तो प्रश्न येत नाही, कारण यंत्र आल्यावर इतर कामेही त्यावर आली. परसबागेतील घेवड्याच्या वेलांची उंची चौथीची मुले दर सोमवारी मोजतात आणि त्याचा तक्ता छापून घरी नेतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची बीज बँक आमच्याच तालुक्यात असल्याने गावठी वाणांची नावे घरून विचारून आणण्याचा उपक्रम घेतला होता. मुलांनी आणलेल्या यादीच्या प्रती आता बायका एकमेकींकडे मागतात. दप्तराविना शनिवारी कोडी आणि ठिपके जोडण्याची चित्रे मोठी मुलेच लहानांसाठी काढतात आणि त्यांच्या प्रती करतात. काजव्यांच्या दिवसांत सादडा आणि हिरड्याच्या झाडांवर कुठे किती काजवे दिसले, हे मुलांनी जूनच्या अंकात नकाशासह छापले. त्या नकाशात आमची शाळा डोंगराएवढी मोठी आहे.

एकूण पाचपैकी मी या यंत्राला साडेतीन गुण देईन. अर्धा गुण पेन्सिलीच्या फिक्या प्रतीसाठी आणि एक पूर्ण गुण सेवेसाठी कापला आहे.

पट ३१ असताना प्रती ४२ का, हा हिशेबातील प्रश्न राहिला. ३१ मुले, आम्ही दोघे, अंगणवाडी, ग्रामपंचायत, शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि शाळेच्या संग्रहाच्या दोन प्रती, असे धरून ३८ होतात. उरलेल्या चार प्रती अशा मुलांच्या घरी जादा जातात, ज्यांचे आईवडील नारायणगावच्या बाजूला मजुरीला गेलेले आहेत आणि जी आजीजवळ राहतात. गावाकडून जाणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून तो अंक पुढे जातो. ऑगस्टच्या अंकासाठी तिसरीतील एकाने त्या जादा प्रतीवर, मागच्या बाजूच्या कोऱ्या जागेत, निळ्या पेनाने आणखी एक बातमी लिहिली आहे : “आई, आपली शेळी व्याली, दोन्ही बोकड हायेत.”