रविवारी सगळं शिजवून ठेवायचं, की नुसतं वाटण?

दूध, तूप, ताक सोडून तीन वर्षं झाली. खान्देशात हे वाटतं तितकं अवघड नाही. आपला निम्मा स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलावर आणि डाळींवर चालतो, शेवभाजी मुळातच वीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसलेली आहे, कळण्याच्या भाकरीत ज्वारी-उडीद एकत्र असल्याने एकातली प्रथिनांची उणीव दुसरं भरून काढतं. बी-12 मात्र यातल्या कशातूनच मिळत नाही, त्याची गोळी घ्यावी लागते. ती मी घेतो, विषय संपला.

खरी अडचण वेळेची. मी जळगावहून भुसावळला अप-डाऊन करतो, बायकोची शाळा सकाळची. कँटीनच्या वरणावर तुपाची फोडणी असते, म्हणजे डबा घरूनच. पोळीभाजी केंद्रवाल्याला मी दोनदा विचारलं की पोळीला काय लावता. दोनदा वेगवेगळं उत्तर मिळालं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. मग आठवड्याची तयारी रविवारी करायची ठरलं. त्याच्या दोन्ही पद्धती मी सहा-सहा महिने करून बघितल्या आहेत.

पहिली पद्धत सगळ्यांना माहीत असलेली: रविवारी बसून चार-पाच भाज्या, वरण, उसळ शिजवायची, डबे भरायचे, अर्धे फ्रीजमध्ये, अर्धे फ्रीजरमध्ये. दुसरीत शिजवायचं जवळपास काहीच नाही. कांदा आणि सुकं खोबरं भाजायचं, लसूण, आलं, कोथिंबीर घालून शक्यतो पाणी न लावता वाटायचं, आणि काळा मसाला टाकून तेल सुटेपर्यंत परतून बरणीत भरायचं. जोडीला मटकीला मोड, निवडलेली पालेभाजी, चिरलेलं गंगाफळ (लाल भोपळा), दाण्याचं कूट. शिजवायचं त्या-त्या सकाळी.

पहिल्या पद्धतीला नावं ठेवणार नाही. सोमवारी सकाळी डबा नुसता उचलायचा, यासारखं सुख नाही. तूरडाळ, चवळी, छोले फ्रीजरमधून काढून गरम केले तर फरक कळतही नाही. बटाटा तेवढा रवाळ होतो, गिलक्याला (घोसाळ्याला) पाणी सुटतं. शेवभाजीत शेव आधी घालून ठेवली तर तिचं पिठलं होतं, हे मी प्रत्यक्ष करून शिकलो. बुधवारपर्यंत सगळ्या भाज्यांना एकच चव येते असं मला वाटायचं. तो मनाचा खेळही असेल, पण शेजारच्या टेबलावरचा मित्र डब्यात डोकावून ‘काय भो, कालचीच का?’ म्हणायचा तेव्हा भाजी खरं तर वेगळी असायची.

पण मी ती पद्धत सोडली ती चवीमुळे नाही, भाकरीमुळे.

आमच्याकडे पोळीपेक्षा भाकरी जास्त, आणि भाकरी साठवता येत नाही. मी प्रयत्न केले. रविवारी दहा भाकरी थापून कपड्यात गुंडाळल्या. सोमवारी संध्याकाळी त्या वाकेनात, मोडायला लागल्या. वाफ देऊन पाहिली, तर चिवट झाल्या. मग पीठ मळून फ्रीजमध्ये ठेवलं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्याने मळून लगेच थापलं तरच ते धरतं. फ्रीजमधल्या गोळ्याची भाकरी कडेने अशी तडकली की तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे. शिळ्या भाकरीचा कुस्करा मला आवडतो, पण आठवड्यातून पाच दिवस नाही.

म्हणजे सकाळी तवा ठेवायचाच. सहा भाकरींना अर्धा तास जातो. आणि त्या अर्ध्या तासात शेजारचा बर्नर काय करत होता? रविवारची भाजी गरम करत होता. हे लक्षात आलं त्या दिवशी मला रविवारच्या त्या चार तासांचा आणि सिंकभर भांड्यांचा राग आला. गॅस पेटला आहे, मी ओट्यापाशी उभा आहे, हाताला पीठ आहे. मग त्याच वेळात भाजी ताजीच का होऊ नये? बरणीतलं दोन चमचे वाटण तेलात टाकलं, मोडाची मटकी घातली, झाकण ठेवलं. चौथी भाकरी फुगेपर्यंत उसळ तयार. डुबुक वड्यांना तर याहून कमी वेळ लागतो, रस्सा उकळला की बेसनाचं घट्ट पीठ बोटांनी सोडायचं. शेवभाजीला नुसता रस्सा, शेव कागदात वेगळी.

घड्याळ लावून मोजलं नाही, पण रविवारचं काम आता दीड तासात आटोपतं आणि सकाळी मी पूर्वीइतक्याच वेळात घराबाहेर पडतो.

दुसऱ्या पद्धतीतही कुरकुर आहेच. मटकी गुरुवारपर्यंत बुळबुळीत होऊ लागते, म्हणून ती सोमवार-मंगळवारीच संपवायची. नंतर गंगाफळ, बेसन, कोरडी डाळ. सगळंच एका वाटणावर चढवलं तर पहिल्या पद्धतीचाच दोष मागच्या दाराने घरात येतो, म्हणून दोन दिवस तरी नुसत्या लसूण-मिरचीवर भागवतो. आणि ज्या दिवशी झोप उघडत नाही, त्या दिवशी फ्रीजरमध्ये दोन डबे चवळी असावी, एवढं मी पहिल्या पद्धतीकडून ठेवून घेतलं आहे.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं सांगायला हवं. शिजलेलं अन्न फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात, आणि बाहेरचं तापमान 32 अंशांच्या वर गेलं तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात 44-45. गेल्या वर्षी दुपारभर लाइट गेली, आम्ही दोघंही बाहेर, संध्याकाळी फ्रीजमधली चार डबे भाजी टाकून द्यावी लागली. आता तसं झालं तर एक बरणी जाईल. ते दुःखही कमी नाही, एक किलो कांदा भाजलेला असतो.

भरीत दोन्हींत बसवू नका. भाजलेल्या वांग्याला फ्रीजमध्ये पाणी सुटतं आणि पातीचा कांदा मरगळतो. ते हिवाळ्यात, शेतात, तुराट्यांवर. गव्हाच्या जाडसर पिठाची बट्टी उलट पहिल्या पद्धतीची लाडकी: रविवारी उकडून ठेवायची, मंगळवारी कापून तळायची. तूप नाही म्हणून आई अजून नाक मुरडते, पण घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर तीही दोन जास्तच खाते.

तुमच्या घरी पोळी किंवा भात चालत असेल, तर कदाचित पहिलीच पद्धत सोयीची पडेल. पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते, रात्री करून ठेवली तरी चालते. एकट्याने पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या माझ्या भाच्याला मी तीच सुचवली. फक्त डब्यांचा सेट घ्यायच्या आधी महिनाभर घरातल्या स्टीलच्या डब्यांवर करून बघा. मी पहिल्याच आठवड्यात बारा काचेचे डबे आणले होते. त्यातल्या चारांत आता वाटण, कूट, सोललेला लसूण आणि मोड असतात. बाकीचे आठ माळ्यावर आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा.