कॅडसाठी डेस्कटॉप की लॅपटॉप? दापोलीच्या पावसात दोन्ही वापरून सांगतोय

भाच्याचा सिव्हिल डिप्लोमा झाला, आता घरूनच कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर घरांची ड्रॉइंग काढायची, कामं घ्यायची म्हणतोय. परवा फोन आला, "मामा, सत्तर हजारात डेस्कटॉप बसवू की लॅपटॉप घेऊ?" त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतोय, कारण मे महिना संपत आला की कोणी ना कोणी हे विचारतंच. माझ्याकडे दोन्ही आहेत, डेस्कटॉप आठ वर्षांचा म्हातारा आणि लॅपटॉपचा हा तिसरा पावसाळा.

आधी काढणार काय ते ठरवा. घराचा प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, सबमिशनची ड्रॉइंग, म्हणजे ऑटोडेस्क कंपनीच्या ऑटोकॅडमधलं सपाट, टूडी काम, हे असेल तर दुकानात जो गेमिंगवाला डबा लाल-निळे दिवे लावून दाखवतात तो लागत नाही. ऑटोकॅडचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (आतला स्वतंत्र काम करणारा एक भाग) चालतं, म्हणून कोअर किती यापेक्षा एका कोअरचा स्पीड किती ते बघायचं, ऑटोडेस्क स्वतःच बेस (नेहमीचा स्पीड) ३ गिगाहर्ट्झ आणि टर्बो (जोर लागला की थोडा वेळ वाढणारा) ४ च्या वर असावा असं सुचवते. इथे डेस्कटॉप सरळ पुढे. लॅपटॉपच्या प्रोसेसरचं नाव तसंच भारदस्त असलं तरी तो पातळ डब्यात कोंडलेला, गरम झाला की स्वतःच हळू होतो. माझा लॅपटॉप मे महिन्यात कौलाखाली दुपारी दोनला पहिली दहा मिनिटं पळतो आणि मग पंखा असा काही घोंगावतो की आई आतून विचारते मिक्सर कोणी लावलाय.

ग्राफिक कार्डाचं एका वाक्यात सांगायचं तर टूडीला प्रोसेसरमधलं इनबिल्ट पुरतं, लुमियनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग (थ्रीडीवरून फोटोसारखं चित्र) करायचं असेल तर मात्र चांगलं कार्ड हवंच. फरक एवढाच की डेस्कटॉपला ते दोन वर्षांनी काम वाढल्यावर घालता येतं, फक्त एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आधीच थोडा जास्त वॅटचा घेऊन ठेवा. लॅपटॉपमध्ये जे घेतलं ते घेतलं.

रॅम ऑटोडेस्क कमीत कमी ८ जीबी म्हणते आणि शिफारस ३२ ची करते, घरांच्या प्लॅनला १६ मध्ये माझं काही अडलेलं नाही. पण ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या, इनबिल्ट ग्राफिक याच रॅममधून खातं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला बरं पडतं. लॅपटॉप घेताना रिकामा स्लॉट आहे का ते विचारा, काहींची रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण) दोन्हीकडे हवीच, जुनी हार्डडिस्क बॅकअपला.

आता लाईटचं, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे निर्णय इथेच होतो. डेस्कटॉप घेतला की युपीएस आलाच, आणि तो साधा ६०० व्हीएचा युपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, म्हणजे सेव्ह करून बंद करण्यापुरती. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याला युपीएस मोडचा स्विच असतो, तो इकोवर राहिला असेल तर लाईट जाताना पंखे चालू राहतात आणि पीसी मात्र रिस्टार्ट. ऑटोकॅडचं ऑटोसेव्ह मुळात १० मिनिटांवर असतं, मी ते ३ वर आणलंय, तरी एकदा बॅक फाईलचं (आधीच्या सेव्हची .bak कॉपी) एक्स्टेंशन डीडब्ल्यूजी करून प्लॅन परत मिळवायची वेळ आलीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझ्याकडे फक्त डेस्कटॉप होता. दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाईट नाही, लोकांना घरं परत उभी करायला ड्रॉइंग हवीत आणि ती सगळी त्या बंद कॅबिनेटमध्ये. शेवटी हार्डडिस्क काढून टॉवेलात गुंडाळून चिपळूणला मित्राकडे नेली. लॅपटॉप असता तर गाडीच्या चार्जरवर तरी भागवलं असतं.

वीज कडाडते तेव्हा सगळे प्लग काढतात, पण नेटची वायर विसरतात. मीही विसरलो होतो, मदरबोर्डचा लॅन पोर्ट गेला तो गेलाच. लॅपटॉप वायफायवर, त्याला ही भानगड नाही.

दमट हवेत मात्र डेस्कटॉपची बाजू आहे. हवा खारट, पंखा तीच आत ओढतो, आणि आगोटीनंतर एक दिवस पीसी चालू होत नाही, नुसता बीप बीप. तेव्हा घाबरून मेकॅनिककडे नेऊ नका, प्लग काढा, रॅम काढा, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, बुरा फुंका, परत बसवा, माझा दोनदा असाच जिवंत झालाय. लॅपटॉप उघडायचा म्हणजे बारीक स्क्रू, वॉरंटी आणि जिल्ह्याच्या गावी फेरी. दोघांनाही पावसात रोज तासभर चालू ठेवायचं, गरम राहिला की आत दमट धरत नाही. चार-चार दिवस झाकून ठेवलेला लवकर मरतो.

स्क्रीनवर लोक कंजूषी करतात ते मला पटत नाही, आठ तास बघायचं तेच आहे. लॅपटॉपची १५.६ इंची आणि २४ इंची मॉनिटर दोन्ही बहुतेक वेळा फुल एचडीच असतात, पण २४ इंचीवर डायमेन्शन वाचायला पुढे वाकावं लागत नाही. २७ इंची घेणार असाल तर २५६० बाय १४४० चा, त्यात फुल एचडीच्या पावणेदोन पट ठिपके. कीबोर्डला आकड्यांचा वेगळा गट हवा (काही लॅपटॉपला तो नसतोच) आणि माऊस चाकवाला, चाक दाबून पॅन (ड्रॉइंग सरकवणं), दोनदा दाबलं की सगळं ड्रॉइंग समोर. टचपॅडवर कॅड करणाऱ्याला मी हात जोडतो.

तर भाच्याला म्हटलं, तू लॅपटॉपच घे, ग्राफिक कार्ड नसलेला, रॅमचा स्लॉट उघडा असलेला, आणि वाचलेल्या पैशात २४ इंची मॉनिटर. गिऱ्हाईक आंजर्ल्याला अंगणात बसून म्हणतं देवघर इकडे सरकव, ते तिथल्या तिथे सरकवून दाखवता येतं, डेस्कटॉप काय एसटीत घालून नेणार? रोज थ्रीडी करणारा असतास तर उलट सांगितलं असतं, डेस्कटॉप आणि बरा युपीएस.

प्लॉटर (मोठ्या शीटचा प्रिंटर) घेऊच नको. चेकप्रिंटला ए-थ्री प्रिंटर पुरे, ए-वन शीट दुकानातून काढून आणायची. फक्त प्लंबरकडून ४ इंची पीव्हीसी पाईपचा अडीच फुटी तुकडा आणि दोन टोपणं घेऊन ठेव, ए-वनची गुंडाळी त्यात बसते आणि जुलैतही कोरडी घरी येते.