वाँड रोज फिरवायची की सिस्टिमवर सोपवायचं?

अंगावर मार्कर लावून कॅमेऱ्यांनी हालचाल मोजणारी मोशन कॅप्चर सिस्टिम चालवणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. रोज वाँड, म्हणजे मार्कर बसवलेली काठी, फिरवून पूर्ण कॅलिब्रेशन करायचं (कॅमेऱ्यांच्या जागा आणि माप नव्याने ठरवायचं), की ऑप्टिट्रॅक कंपनीच्या मोटिव्ह या सॉफ्टवेअरमध्ये आहे तसं आपोआप चालणारं कंटिन्युअस कॅलिब्रेशन चालू ठेवायचं? मी दोन्ही वापरलंय, आणि माझं उत्तर कामागणिक बदलतं.

आधी कॅमेरा किती हलतो ते पाहा. तो ०.१ अंश जरी वळला तरी ५ मीटरवर जवळपास ९ मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना काही कळत नाही. त्यासाठी धक्काच लागायला हवा असंही नाही. १० मीटरची अॅल्युमिनियमची ट्रस १० अंश तापली की २ मिलिमीटरहून जास्त वाढते.

ही सावकाश होणारी सरक कंटिन्युअस छान सांभाळतं. काम चालू असताना दिसणाऱ्या मार्करांवरूनच ते कॅमेऱ्यांच्या जागा सुधारत राहतं. मात्र खोली रिकामी असेल तर त्याला शिकायला काही मिळत नाही. शिवाय कॅमेरे एकमेकांशी जुळले तरी सगळी मांडणी जमिनीच्या मानाने हळूहळू सरकू शकते, म्हणून जमिनीवर अँकर मार्कर पक्के चिकटवावे लागतात. कॅमेऱ्याला जोराचा धक्का लागला तर कंटिन्युअसचा साधा मोड पुरत नाही.

आमच्याकडे एकदा ट्यूबलाइट बदलताना शिडी एका कॅमेऱ्याला लागली आणि ते कुणी सांगितलं नाही. दुपारी मार्कर तुटक दिसायला लागले तेव्हा लक्षात आलं. सकाळच्या सगळ्या ट्रायल, म्हणजे रुग्णांच्या चालण्याच्या नोंदी, बाद झाल्या. त्यात सेरेब्रल पाल्सी असलेला एक लहान मुलगा होता. थकलेल्या त्या पोराला पुन्हा चालवावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. व्हायकॉनच्या व्हँटेजसारख्या कॅमेऱ्यांत धक्का आणि तापमान ओळखणारे सेन्सर असतात. नवीन खरेदी असेल तर ही गोष्ट जरूर विचारात घ्या.

वाँडचा मोठा फायदा म्हणजे मापाचा पक्का आधार. ५०० मिलिमीटरच्या वाँडवर मार्करांमधलं अंतर ठाऊक असतं, त्यावरून सगळ्या जागेचं माप ठरतं. पण ती पडून अर्ध्या मिलिमीटरने बिघडली तर २ मीटरच्या मापात २ मिलिमीटरची चूक येते, आणि रेसिड्युअल, म्हणजे जुळणीत उरलेली चूक, तरीही चांगला दिसू शकतो. कॅमेरे आपसात जुळतात की नाही एवढंच तो आकडा सांगतो.

पूर्ण कॅलिब्रेशनची खरी जोखीम जमिनीवर आहे. जमिनीवरचा शून्यबिंदू आणि दिशा ठरवणारी एल-फ्रेम नव्याने ठेवावी लागते. चालीच्या तपासणीत ती पावलाचं बळ मोजणाऱ्या फोर्स प्लेटच्या कोपऱ्याला घट्ट टेकलीच पाहिजे. ती १ सेंटिमीटर चुकली आणि पायावर ७०० न्यूटनचं बळ असेल, तर गुडघ्याच्या मोमेंटमध्ये (बळाच्या वळवण्याच्या परिणामात) ७ न्यूटन-मीटरपर्यंत फरक पडू शकतो. एखाद्याच्या ऑपरेशनचा निर्णय या आकड्यांवरही घेतला जातो.

म्हणून रुग्ण तपासत असाल तर कॅमेरे गरम होऊ द्या आणि रोज सकाळी वाँड फिरवा. एकाच रुग्णाच्या ट्रायल चालू असताना कॅलिब्रेशन बदलू देऊ नका. कायम बसवलेली व्हीआर किंवा ड्रोनची जागा असेल तर अँकरसह कंटिन्युअस बिनधास्त वापरा. अॅनिमेशनच्या शूटला सकाळी वाँड, आणि दुपारी रेसिड्युअल वाढला तर पुन्हा एकदा.

काहीही निवडलंत तरी दोन मार्कर पक्के बसवलेली एक वेगळी पट्टी जवळ ठेवा. ती चारही कोपऱ्यांत आणि मधोमध नेऊन अंतर वाचा, आणि तो आकडा त्या दिवशीच्या नोंदीत लिहा.